हात वर

१२ जानेवारी

दादा,

पत्ता वहिनीने दिला. देताना म्हणाली, "लिही, पण मी दिला असं सांगू नकोस." तर ते आधीच सांगून टाकलं. आता तुमच्या घरात काय व्हायचं ते होऊ दे.

फोन करून पाहिला. वाजत राहतो आणि बंद होतो. पत्र मात्र न फोडता टाकून देणारा माणूस तू नाहीस. कागद दिसला की वाचायचा, ही तुझी खोड. पंपघराच्या भिंतीवरची नोटीससुद्धा तू खालच्या सहीपर्यंत वाचायचास आणि मग सहीला नावं ठेवायचास.

तुमच्या सरकारी पेन्शन समितीचा प्रस्ताव आमच्या पाणीपुरवठा संघटनेकडे पोचला. मी संघटनेची चिटणीस असल्यामुळे पहिला कागद माझ्याच हातात पडला. नोकरीत कायम झालेल्यांची पेन्शन आहे तशी राहील. जे कायम झालेले नाहीत आणि जे पुढे लागतील, त्यांच्या पगारातून दरमहा कापायचं, ते बाजारात गुंतवायचं, आणि म्हातारपणी बाजार जे देईल ते मुकाट घ्यायचं. संघटनेने महिनाअखेरपर्यंत हे मान्य केलं नाही, तर "कायम कर्मचाऱ्यांच्या संरक्षणाबाबतही हमी देता येणार नाही, असे खेदपूर्वक नमूद करण्यात येते."

हे वाक्य तुझं आहे. अध्यक्ष होतास तेव्हा संपाच्या नोटिशीतही तू "खेदपूर्वक" घालायचास. आम्ही हसायचो. तेव्हा तो शब्द साहेबांकडे तोंड करून जायचा, आता आमच्याकडे तोंड करून आलाय.

इथं तुझं नाव निघालं की लोक माझ्याकडे बघतात आणि गप्प होतात. शिव्या दिल्या असत्या तर मीही दोन दिल्या असत्या. समितीत सल्लागाराची खुर्ची तुला मिळाली याचं मला वाईट वाटलं नव्हतं, खरंच. तू जाताना पंपघरात पाय न ठेवता गेलास, त्याचा राग आहे.

तुझी लेक बरी आहे. माझ्याकडे माडीवरच्या खोलीत राहते, वेळेवर पाळीला जाते, वेळेवर जेवत नाही. तिच्याबद्दल तुला काही सांगायचं नाही असं तिने मला बजावलंय. म्हणून एवढंच.

तुझी बहीण

१९ जानेवारी, पहिली पाळी सुटल्यावर

दादा,

काल सभा झाली. कशी झाली ते सांगते, म्हणजे तू हसशील. निदान मला तरी कुणाला तरी सांगून हसायचं आहे. घरी आमचे हे आहेत, पण त्यांना पंपघरातला विनोद समजावून सांगेपर्यंत माझंच हसू आटतं.

कँटीनची खोली सभेला द्यायला साहेबांनी नकार दिला. पंप सोडून बाहेर येता येत नाही. मग अध्यक्ष म्हणाले, मीच पंपघरात येतो. आताचे अध्यक्ष म्हणजे पाणीपट्टीच्या कचेरीतले, ज्यांना सगळे भोंगा म्हणतात. माणूस वाईट नाही. आवाज एवढा की कचेरीत खिडक्या बंद करून त्यांच्याशी बोलावं लागतं. त्या आवाजाच्या भरवशावर ते आले. हातात कर्णा, बरोबर वर्तमानपत्राचा फोटोग्राफर.

तीन पंप चालू. तुला माहीत आहे तिथं काय ऐकू येतं ते. भोंगा स्टुलावर चढले आणि बोलायला लागले. ओठ हलताना दिसत होते. मी एक नंबरच्या पॅनेलपाशी होते, मला "बंधू" एवढं ऐकू आलं. बहुधा "भगिनी"ही असेल.

बराच वेळ हे चाललं. शेवटी आपल्या फिटरकाकांनी कंटाळून हात वर केला, पंजा उघडा. बंद करा, काही ऐकू येत नाही, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. आणि दादा, पुढचं तू ओळखलंच असशील. वर केलेला उघडा पंजा ही आमची पंप बंदची खूण, ती दिसली की ज्याला दिसली त्याने हात वर करायचा, म्हणजे पलीकडच्याला दिसते, त्याने केला की त्याच्या पलीकडच्याला. हे आम्ही विचार करून करत नाही. बघता बघता सगळ्या पंपघराचे हात वर. माझाही. तुझ्या लेकीचाही, ती तर टाचा उंचावून.

टोकाला जो होता त्याने खूण बघितली आणि इमानेइतबारे दोन नंबरचा पंप बंद केला.

आवाज उतरला. आणि त्या उतरलेल्या आवाजात भोंग्यांचं पहिलं स्वच्छ वाक्य ऐकू आलं, "एकमताने मंजूर." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. फोटोग्राफरने फोटो घेतला.

कुणीतरी "अहो, अहो" म्हणत पुढे गेलं, पण पंप बंद झाला होता, व्हॉल्व्ह सांभाळायचे होते, टाकीची पातळी बघायची होती. सगळे तिकडे धावले. भोंगा सगळ्यांच्या पाठींना नमस्कार करून निघून गेले. टेकडीवरच्या वस्तीत त्या संध्याकाळी पाणी चढलंच नाही.

मी घरी येऊन एकटीच हसले. नंतर हसू थांबलं, आणि तेव्हापासून मी घरात नुसती इकडून तिकडे फिरतेय. आमचे हे म्हणाले, बस जरा. बसवत नाही.

तुझी बहीण

२१ जानेवारी

दादा,

फोटो छापून आला. तुमच्याकडेही आला असेल, कारण भोंगा म्हणाले की समितीच्या कचेरीतून अभिनंदनाचा फोन आला. तो तू केला नसशील, असं मी स्वतःला सांगितलं.

फोटोखाली छापलंय, "पेन्शन सुधारणेला पाणीपुरवठा कामगारांचा एकमुखी पाठिंबा." सगळ्यात पुढे तुझी लेक, सगळ्यात उंच तिचा हात. पाळीवर जाताना चहाच्या टपरीवाल्याने तिला ते पान दाखवून अभिनंदन केलं. तिने पान मागून घेतलं आणि घडी घालून पिशवीत ठेवलं.

भोंग्यांनी मला कचेरीत बोलावलं. सभेचं इतिवृत्त मी लिहायचं, मी सही करायची, मग ते समितीकडे जाणार. म्हणाले,

"ताई, हात वर झाले की नाही?"

"झाले."

"सगळ्यांचे झाले?"

"सगळ्यांचे."

"मग तेवढंच लिहा. मी कुठे खोटं लिहायला सांगतोय?"

"अहो, ते हात बंद करा म्हणत होते."

"हात कधी बोलतो का?"

"आमच्याकडे हातच बोलतो. तोंडाला तिथं काम नसतं."

ते खुर्चीत मागे टेकले. मला वाटलं आता ओरडतील, पण आवाज खाली आला, आणि त्यांचा खाली आलेला आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "मी उन्हाळ्यात नोकरीतून सुटतोय, ताई. घरी आई अंथरुणाला खिळलेली. तुम्हीही लवकरच सुटाल. मला वाईट ठरवून तुम्ही मोकळ्या व्हाल, पण महिनाअखेर गेली आणि सगळ्यांचंच गेलं, तर त्या फिटरकाकांच्या दारात तुम्ही जाणार का सांगायला?"

मी म्हटलं, विचार करते.

आणि खरं सांगू का, फोटो बघितला तेव्हा मला आधी बरं वाटलं. झालं एकदाचं, आणि माझ्यामुळे काही झालं नाही. आमच्या ह्यांचा कारखाना बंद पडला तेव्हा मालकाने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं. पेन्शन म्हणून आमच्या घरात तेवढंच, आणि तेही मागे पडतं. माझी पेन्शन येणार या एका गोष्टीवर हे घर उभं आहे. ते बरं वाटणं फार टिकलं नाही. पण वाटलं होतं.

तुझी बहीण

२४ जानेवारी

दादा,

आज लपवून ठेवलेलं सांगणार आहे. लेकीला कळलं तर ती माझ्याशीही बोलायची नाही, आणि मग मला वरच्या आणि खालच्या खोलीत चिठ्ठ्या पाठवायला लागतील.

ती कायम झालेली नाही.

तुला वाटतंय ती झाली. तू निघालास त्या आठवड्यात तू तिला विचारलंस, कायमची ऑर्डर आली का, आणि ती म्हणाली, येईल. तू "आली" ऐकलंस. तुझे कान पंपघराने खाल्लेत, तिने पुन्हा सांगितलं नाही, कारण तोवर तुझ्या खुर्चीची बातमी फुटली होती आणि तिने तुझ्याशी बोलणं सोडलं होतं. तिचं प्रोबेशन केव्हाच संपलं. फाईल मुख्य कचेरीत कुणाच्या तरी सहीसाठी पडून आहे. तिच्याबरोबर लागलेल्या सगळ्यांच्याच पडून आहेत. काम तेच करतात, पाळ्या त्याच, कानात कापूस तोच.

म्हणजे तू ती रेघ ओढलीस ना, कायम झालेले आणि न झालेले, त्यात रेघेच्या पलीकडे तुझीच लेक उभी आहे. मी अलीकडे. तू आखलेल्या रेघेवर आता मला सही करायची आहे.

काल ती स्वयंपाकघरात आली. मी इतिवृत्ताचा कागद पुढ्यात घेऊन बसले होते, तिने बघितला.

"लिहिलंस?"

"नाही अजून."

"आत्या, तू सही केलीस तरी मी इथंच राहीन. भाडं परवडत नाही मला दुसरीकडे."

असं बोलते ती. तुझ्यावरच गेलीय. मी तिला म्हटलं, मी सही करणार असं मी म्हटलेलं ऐकलंस का? ती म्हणाली, "करणार नाहीस असंही ऐकलं नाही." आणि भांडी घासायला लागली, इतक्या जोरात की ह्यांनी आतून विचारलं काय फुटलं.

आज सकाळी मी कचेरीत गेले आणि भोंग्यांना सांगितलं, या सभेवर माझी सही मिळणार नाही. चिठ्ठ्या टाकून मत घ्या. शांत जागी घ्या, एकेकट्याने टाकू दे, जे निघेल त्यावर डोळे मिटून सही करते. त्यांनी पेपरवेट फिरवला. मग म्हणाले, ठीक आहे. मनातून त्यांनाही तेच हवं असावं, कारण मला चहा पाजला.

तुमचा मसुदा अजून पक्का झालेला नाही, असं वर्तमानपत्रात आहे. "कायम झालेले" ऐवजी "सेवेत असलेले" केलंस तर ही पोरं आत येतील. दोन शब्द आहेत. शब्द फिरवण्यात तू एके काळी साहेबांना रडवलं आहेस. मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही, हे तुला आठवत असेल.

तुझी बहीण

२८ जानेवारी

दादा,

तुझा फोन आला. इतक्या दिवसांनी आवाज ऐकला आणि मी "बरा आहेस ना" एवढं विचारेपर्यंत तू सांगून मोकळा झालास, "मसुदा पुढे गेला, आता माझ्या हातात काही नाही."

म्हणजे तूही हात वर केलेस. फक्त तुझ्या हातांचा अर्थ लावायला फोटो लागत नाही.

रागाने लिहिलं. खोडणार नाही. तू फोन ठेवण्याआधी थोडा थांबला होतास, तेवढ्यात मी तिला हाक मारू शकले असते. ती जिन्यातच उभी होती. मारली नाही. तुला तिचा आवाज इतक्या स्वस्तात मिळू नये असं वाटलं.

उद्या मतदान. फाटकाजवळच्या टाइमकीपरच्या केबिनमध्ये, एकावेळी एकाने आत जायचं. चिठ्ठ्या मी आणि भोंग्यांनी मिळून कापल्या, मान्य आणि अमान्य, हवं त्यावर फुली मारायची. प्रोबेशनवरच्यांनाही मत आहे, वर्गणी भरतात ते.

माझा जीव थाऱ्यावर नाही. फिटरकाका येऊन सांगून गेले, "ताई, काळजी करू नका, पोरांना टाकून आम्ही जेवणार आहे का?" ऐकून बरं वाटलं. मग वाटलं, हे ते मला सांगतायत की स्वतःला.

तुझी बहीण

३० जानेवारी

दादा,

प्रस्ताव मान्य झाला.

फार मोठ्या फरकाने नाही. पण पुन्हा मोजा म्हणावं इतक्या लहान फरकानेही नाही. भोंग्यांनी निकाल वाचला तेव्हा त्यांचा कर्णा टेबलावरच होता. हळू वाचला. यावेळी सगळ्यांना ऐकू आला.

आवाजात सगळ्यांनी हात वर केला तो "बंद करा" म्हणून. केबिनमध्ये, जिथं कुणी बघत नव्हतं, तिथं आमच्यातल्या बहुतेकांनी "चालू द्या" म्हटलं. म्हणजे भोंग्यांनी चुकून जे जाहीर केलं होतं तेच खरं निघालं. मी एवढा आटापिटा केला तो त्यांची चूक बरोबर ठरवायला.

कालपासून जो भेटतो तो सांगतो, ताई, मी तर अमान्यवरच फुली मारली. फिटरकाकांनी सांगितलं. एक नंबरवाल्याने सांगितलं. टाइमकीपर तर शपथ घ्यायला लागला. ज्यांनी मला असं सांगितलं त्या सगळ्यांची मतं धरली तर आपण मोठ्या फरकाने जिंकलोय.

मीही अमान्यवर मारली, दादा. बघ, मी सांगितल्यावर तेही तसलंच वाटतं. केबिनमध्ये पेन्सिल हातात घेऊन मी उभी राहिले तेव्हा ह्यांचं घड्याळ डोळ्यांपुढे आलं होतं, आणि बाहेरून कुणीतरी "ताई, झालं का" म्हणून विचारलं, इतका वेळ लागला. पण मारली. आता हे कुणाला पटवून देत बसू, आणि कशासाठी.

इतिवृत्त लिहिलं. सही केली. या खेपेला त्यात एक शब्दही खोटा नाही, आणि माझ्या आयुष्यात मी इतकं वाईट अक्षर काढलेलं नाही.

मी कशावर फुली मारली हे तुझ्या लेकीने मला विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. संध्याकाळी पाळी बदलताना तिने माझ्याकडून पॅनेल ताब्यात घेतलं, काटे बघितले, दोन नंबरचं बेअरिंग गरम होतंय हे ऐकून घेतलं, सगळं नेहमीसारखं. मग कानातला कापूस काढून म्हणाली,

"आत्या, वर्गणीही आता दोन तऱ्हांची करणार का? की तेवढी सगळ्यांना सारखीच?"

मी हातानेच काहीतरी खूण केली. तिचा काही अर्थ नव्हता.

तुझी बहीण

१४ फेब्रुवारी

दादा,

हे शेवटचं पत्र. रुसून नाही, मला आता इथंच पुष्कळ काम आहे.

प्रोबेशनवरच्यांनी वेगळी संघटना काढली. पंपघरातले, गाळणीवरचे, मीटरवाले, बाकी खात्यांतलेही ज्यांच्या ऑर्डरी अडकल्यात ते. सभा आमच्या घरी झाली, कारण दुसरीकडे जागा नव्हती. ह्यांनी उत्साहाने सगळ्या खुर्च्या मांडल्या आणि मग स्वतः उभे राहिले. मी आत चहा करत होते. त्यांनी मतदान घेतलं ते चिठ्ठ्यांनीच, हात वर करू नका असं तुझ्या लेकीने आधीच सांगितलं, आणि सगळे हसले. ती चिटणीस झाली.

सगळे गेल्यावर ती माझ्याकडे कोरा कागद घेऊन आली. "आत्या, इतिवृत्त कसं लिहितात ते शिकव." मी शिकवलं. हजर कोण ते आधी, ठराव मग, सूचक आणि अनुमोदक, शेवटी सही. ती भरभर शिकली. मी जाता जाता म्हटलं, तुमच्या संघटनेत मला घ्याल का, वर्गणी भरीन. ती हसली नाही, चिडलीही नाही. म्हणाली, "तुला कसं घेणार, आत्या? तू कायम आहेस."

मला रडू आलं ते मी गॅसकडे तोंड करून रडले. ती मागे उभी होती. थोड्या वेळाने तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, सही कुठे करायची, डावीकडे की उजवीकडे.

त्यांचा पहिला ठराव तुमच्या समितीला हरकत घेण्याचा आहे. फाईल अडकवून ठेवणारी कचेरी सरकारची, आणि कायम न झाल्याची शिक्षा पोरांना, हे कसं, असं त्यांनी विचारलंय. मसुदा तिने लिहिला. मी फक्त ऱ्हस्वदीर्घ बघितलं. चांगला लिहिलाय. तू लिहायचास त्याहून छोटी वाक्यं.

खाली तिने पूर्ण नाव घातलंय, नियमाप्रमाणे. आधी तिचं, मध्ये तुझं, मग आपलं आडनाव. लिहिताना मधल्या नावापाशी ती थांबली होती. मग तिने तेही लिहिलं, अगदी ठळक.

काल ती स्वतः पोस्टात जाऊन रजिस्टर करून आली. हरकतींचं काम समितीत तुझ्याकडे आहे, वहिनीने सांगितलं, आणि हेही तुला सांगू नकोस म्हणाली. माझ्या पत्रांना उत्तर न देणं तुला जमलं. तिच्या हरकतीला आवक क्रमांक पडेल, आणि उत्तराखाली तुलाच सही करावी लागेल.

तुझी बहीण